पाळकाची भाकरी

सातारा आणि सांगली हीं नांवें कानांवर पडलीं म्हणजे अजिंक्यतारा, सज्जनगड, माहुलीचा संगम, सांगलीचें गणपतीचें देऊळ, कृष्णेचा घाट, हळदीची पेठ हें सारें डोळ्यांपुढें उभें राहतें. आफ्रिका खंड त्यांत कोठेंहि येत नाहीं. परंतु पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या बेटासमोर, १८७५ सालीं एक वसाहत उभी राहिली, आणि तिला ज्या गृहस्थांचें नांव देण्यांत आलें, ते गृहस्थ पूर्वीं साताऱ्याच्या दरबारीं इंग्रजांचे रेसिडेंट होते. बार्टल फ्रियर हें त्यांचें नांव; आणि वसाहतीचें नांव फ्रियरटाउन.

१८४८ च्या एप्रिल महिन्यांत छत्रपति शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले आणि दत्तकाचा प्रश्न उपस्थित झाला. फ्रियरसाहेबांचें मत दत्तकाच्या बाजूचें होतें. वरिष्ठांनीं तें मानलें नाहीं. १८४९ सालीं राज्य खालसा झालें, आणि ज्यांनीं तें खालसा होऊं नये असें लिहिलें त्यांच्याच हातीं प्रांताचा कारभार देण्यांत आला. रस्त्यासाठीं हिंदुस्थानांत खोदलेला पहिला बोगदा साताऱ्यास यांच्याच अमदानींत झाला, असें त्यांचें चरित्र लिहिणारे सांगतात. १८५० सालीं ते सिंधकडे गेले, १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि पुढें गुलामांचा व्यापार बंद पाडण्याचा करार करण्यासाठीं झांजिबारच्या सुलतानाकडे त्यांची रवानगी झाली. सुलतान बरघश यानें त्यांना दाद दिली नाहीं. ते परत फिरल्यावर, १८७३ च्या जूनमध्यें, तेथील इंग्रज वकील कर्क यांनीं त्याची सही मिळविली.

साताऱ्याहून मोंबासाकडे जाणाऱ्या ह्या वाटेवर आपला एक मुक्काम आहे, तो नाशिकास. ह्या भाषणाचा विषयहि त्याच मुक्कामाशीं निगडित आहे. खेड्यांतील ख्रिस्ती मंडळीला पाळक लागतो. तो कोठें शिकावा, त्याला कोणीं शिकवावें, आणि शिकून आल्यावर त्याची भाकरी कोणाच्या चुलीवर भाजली जावी, हा प्रश्न आफ्रिकेंत जसा निघाला तसाच तो नगर, सातारा, सांगली या भागांतहि निघाला. तो धर्माचा आहे तितकाच पोटाचा आहे, आणि म्हणूनच तो अवघड आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसें पकडून अरबस्तानांत व इराणी आखातांतील बंदरांत विकण्याचा धंदा जोरांत चालू होता. इंग्रजी आरमाराचीं जहाजें अशीं गलबतें अडवीत व आंतील माणसांना सोडवीत. सोडविलेल्यांत मुलें पुष्कळ असत. त्या मुलांचें पुढें करावयाचें काय? त्यांना त्यांच्या गांवीं पोंचवावें, तर गांव कोठें आहे हें पांचसहा वर्षांच्या पोराला सांगतां येत नसे. आणि किनाऱ्यावर नुसतें उतरवून द्यावें, तर दुसऱ्या दिवशीं तीं पुन्हां बाजारांत उभीं राहणार. म्हणून पुष्कळांना मुंबईस आणण्यांत आलें. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं शरणपूर नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली होती. तेथें ह्या आफ्रिकन मुलांसाठीं आश्रम निघाला. आज नाशिकांत शरणपूर रस्त्यानें हजारों लोक जातयेत असतात. ह्या नांवांतील शरण आलेलीं माणसें किती दूरची होतीं, हें त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

शरणपुरांत त्यांना लिहिणें-वाचणें, बायबल आणि त्याबरोबर सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम, छापखान्याचें काम शिकवीत. ही योजना शहाणपणाची होती. ज्या मुलाला उद्यां परक्या मुलुखांत उभें राहावयाचें आहे, त्याच्या हातीं पुस्तकाबरोबर करवत असणें बरें. गोदावरीच्या कांठीं हीं मुलें मोठीं झालीं, हिंदुस्तानी व इंग्रजी बोलूं लागलीं, आणि त्यांतील कित्येक स्वतःची मायभाषा विसरून गेलीं. हें दुःख लहान नव्हे. पुढें त्यांना आफ्रिकेंत पाठविण्यांत आलें तेव्हां तीं तेथें ‘घरीं’ परतलीं असें अहवालांत लिहिलें गेलें. परंतु ज्याला आपलें गांव, आपली भाषा आणि आईबाप यांपैकीं कांहींहि आठवत नाहीं, त्यानें घर कशाला म्हणावें?

लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासामुळें ह्या ‘नाशिकच्या पोरांचें’ नांव युरोपांत झालें. १८६५ सालीं ते नाशिकास आले व तेथून त्यांनीं नऊ जण आपल्याबरोबर घेतले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं ते मध्य आफ्रिकेंत चितांबोच्या गांवीं वारले, तेव्हां मागाहून त्यांच्या मदतीस धाडलेला जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी तेथें होता. त्यानें अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरें कोरलीं. सुसी, चुमा व इतर सोबत्यांनीं तें शव महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत पोंचविलें. वेनराइट लंडनपर्यंत गेला व वेस्टमिन्स्टर ॲबींत १८७४ च्या एप्रिलांत खांदेकऱ्यांत उभा राहिला. ही कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे कीं तिच्या झगमगाटांत दुसरी, अधिक महत्त्वाची कथा झांकून गेली.

ती कथा विल्यम हेन्री जोन्स या माणसाची आहे. लहानपणीं पकडलेला, समुद्रांत सुटलेला, शरणपुरांत शिकलेला हा तरुण १८६४ सालीं इस्माइल सेमलर नांवाच्या सोबत्याबरोबर मोंबासाजवळील राबाई येथें पाठविण्यांत आला. तेथें रेबमान हे जर्मन मिशनरी झुंजत होते. जोन्स व सेमलर तेथें उपदेशक झाले, शिक्षक झाले, आणि १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टन यांनीं त्या दोघांना डीकनची दीक्षा दिली. पूर्व आफ्रिकेंतील चर्च मिशनरी सोसायटीच्या मंडळीचे हे पहिले दीक्षित आफ्रिकन सेवक. आणि दोघेहि नाशिकचे विद्यार्थी.

त्याच सालीं हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले व त्यांनीं जोन्सला बरोबर घेतलें. वाटेंत बिशपांनीं सुमारें ५० माणसें निवडून पुढची वाट धरली आणि बाकीचा सारा तळ जोन्सच्या स्वाधीन केला. २९ ऑक्टोबर १८८५ रोजीं युगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकुमानें बिशपांना व त्यांच्या बहुतेक सोबत्यांना ठार करण्यांत आलें. जे चौघे निसटले, त्यांनीं ती वार्ता तळावर आणली. जोन्स ताबडतोब पळून गेला नाहीं. आणखी कोणी जिवंत येईल म्हणून तो कांहीं दिवस थांबला, आणि मग शेंदीडशें हमालांचा तो तांडा, अन्न अपुरें, मनें खचलेलीं, अशा स्थितींत शेंकडों मैल चालवून त्यानें १८८६ च्या फेब्रुवारींत राबाईस सुखरूप आणला. तांड्यापुढें निळें निशाण होतें व त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ हा हिब्रू शब्द शिवलेला होता. ‘वैभव गेलें’ असा त्याचा अर्थ. जुन्या करारांतला हा शब्द त्या जागीं नेमका आठवणारा माणूस धर्मशास्त्रांत कच्चा होता, असें कोणास म्हणतां येईल?

तथापि जोन्सची खरी कसोटी प्रवासांत लागली नाहीं. ती राबाईच्या शेतांत लागली. आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईस आश्रयाला येऊं लागले. कायद्यानें गुलामगिरी त्या किनाऱ्यावर अद्याप चालूच होती. बंद झाला होता तो समुद्रावरचा व्यापार. पळालेल्या गुलामाला ठेवून घेणें म्हणजे त्याच्या धन्याशीं भांडण ओढवून घेणें, आणि तसें करूं नये अशी मिशनची सक्त ताकीद होती. ताकीद वाजवी नव्हती असें म्हणवत नाहीं. धन्यांनीं चिडून वसाहत जाळली असती तर निरपराधी लोक मेले असते. परंतु दारांत उभ्या राहिलेल्या फरारी माणसाला ‘परत जा’ म्हणण्याची वेळ, जो स्वतः एकदां गलबताच्या तळांतून बाहेर निघाला होता, त्याच्यावर आली. जोन्सनें त्यांना जागा दिली. जमीन वांटली, झोंपड्या उभारल्या, कसावा व मका पेरला गेला. १८८८ सालीं ब्रिटिश कंपनीचे अधिकारी मॅकेंझी यांनीं चौकशी केली तेव्हां राबाई व इतर मिशनठाण्यांत मिळून असे सुमारें १,४०० फरारी लोक निघाले. मॅकेंझींनीं माणशीं २५ डॉलर याप्रमाणें धन्यांना भरपाई देववून हें भांडण मिटविलें, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं त्या सर्वांच्या हातीं मुक्ततेचे कागद पडले.

ही भरपाई धन्यांना कां, गुलामांना कां नाहीं, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. तें येणें योग्यच आहे.

आतां ह्या हकीगतींतील अवघड भाग. जोन्स, सेमलर व त्यांचे सोबती यांचें वेतन साहेबांच्या वेतनाच्या मानानें अल्प होतें, आणि मंडळीच्या कारभारांत शेवटचा शब्द त्यांचा नसे. जंगलांतून तांडा परत आणण्यास जो माणूस लायक ठरला, त्याला पांच रुपयांच्या खर्चासाठींहि वर विचारावें लागे, असा हा प्रकार. गोऱ्या अधिकाऱ्यांशीं ह्या मंडळींचे खटके उडत राहिले, यांत नवल कसलें? आफ्रिकेच्या दुसऱ्या बाजूस, नायजर नदीच्या कांठीं, हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें. सॅम्युएल अजायी क्राउदर हे लहानपणीं गुलाम म्हणून विकले गेले, १८२२ सालीं इंग्रजी जहाजानें सोडविले, फ्रीटाउनला शिकले, आणि १८६४ सालीं बिशप झाले. पंचवीस वर्षें त्यांनीं आफ्रिकन सहकाऱ्यांच्या बळावर काम चालविलें. मग इंग्लंडांतून तरुण, उत्साही व फारसा अनुभव नसलेले मिशनरी आले. त्यांनीं क्राउदरांच्या सेवकांत दोष काढले व एकेकाला काढून टाकलें. ऐंशीच्या घरांतल्या त्या वृद्ध बिशपास आपल्याच सभेंत अपमान सोसावा लागला. १८९१ च्या अखेरच्या दिवशीं ते वारले व त्यांच्या जागीं गोरा बिशप नेमण्यांत आला. त्यांच्या सेवकांत दोष नव्हतेच असें नाहीं. परंतु दोष काढणाऱ्यांच्या हातीं पगाराची थैली असली म्हणजे दोष सुधारण्यापेक्षां माणूस काढणें सोपें जातें.

हें सारें ज्यांना आधींच दिसलें होतें असे दोन पुरुष होते. इंग्लंडांत चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन, आणि अमेरिकेंत बोस्टनच्या मिशन मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन. मंडळीनें आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण पाहावा, आपला प्रसार आपण करावा, हें त्या दोघांचें सूत्र. आणि मिशनऱ्यानें एक दिवस तेथून निघून जावें, हा त्याचा अर्थ. ह्या अँडरसनसाहेबांचें मंडळ म्हणजेच आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशन चालविणारें मंडळ. साताऱ्याचें राज्य ज्या १८४९ सालीं खालसा झालें, त्याच सालीं ह्या मिशनचें ठाणें साताऱ्यास पडलें.

अँडरसन १८५४-५५ च्या हिंवाळ्यांत स्वतः अहमदनगरास आले. इंग्रजी शाळांवर खर्च कमी करा, खेड्यांकडे वळा, आणि येथल्या माणसांना पाळकाची दीक्षा द्या, असा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना नगरास दीक्षा मिळाली. इंग्रजी शाळा आंखडल्याबद्दल अँडरसनना त्या वेळीं पुष्कळांनीं दूषणें दिलीं, आणि शहरांतील सुशिक्षितांच्या दृष्टीनें तीं निराधार नव्हतीं. खेड्यांतून मात्र एक नवाच माणूस तयार होऊं लागला. लोक त्याला पाळक म्हणत नसत, उपदेशक म्हणत नसत, म्हणत, ‘मास्तर’.

हा मास्तर बहुधा महार किंवा मांग कुळांत जन्मलेला असे. नगरास ट्रेनिंग शाळेंत दोनतीन वर्षें काढून तो एखाद्या खेड्यांत, गांवकुसाबाहेर, एका खोलीच्या शाळेंत येऊन राही. सकाळीं मुलांना बाराखडी, दुपारीं कोणाचा अर्ज लिहून देणें, संध्याकाळीं तापकऱ्याला कोयनेलची पुडी, रात्रीं भजन, रविवारीं उपासना. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं तो वाचून दाखविणारा गांवांतील हा पहिला आपला माणूस. बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबानें गांवदेवाच्या जत्रेंतलें वंशपरंपरेचें काम सोडलें म्हणजे बलुत्याचा तंटा उभा राही, आणि त्या तंट्यांतहि मास्तरच पुढें होई. १८७६-७७ आणि १८९९-१९०० ह्या दुष्काळांत धान्य वांटणें, तळ्याच्या कामावर माणसें लावणें, पोरक्या मुलांना अनाथाश्रमांत पोंचविणें हीं कामें त्याच्या अंगावर आलीं. दुष्काळानंतर मंडळ्या वाढल्या. भुकेनें आलेलीं माणसें किती आणि श्रद्धेनें आलेलीं किती, हा हिशेब टीकाकार मांडीत. मास्तराला मात्र दोघांच्याहि मुलांना तीच बाराखडी शिकवावयाची होती.

त्याचें वेतन येई मिशनच्या कचेरींतून, म्हणजे शेवटीं अमेरिकेंतील एखाद्या गांवच्या रविवारच्या थाळींतून. तिकडे मंदी आली कीं इकडे शाळा बंद. आणि गांव त्याला कितीहि आपला म्हणो, तो ‘साहेबाचा माणूस’ हें शेजारच्या वाड्यांतील लोक कधीं विसरत नसत.

सांगलीकडे हीच गोष्ट वेगळ्या अंगानें चालली होती. तेथें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन. १८८९ सालीं डॉ. विल्यम वॉनलेस आले. त्यांनीं आधीं सांगलींत दवाखाना उघडला आणि मग मिरज गांठली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनीं जागा दिली, कॉन्व्हर्स नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं पैसा दिला, १८९४ सालीं इस्पितळ उभें राहिलें. वॉनलेस यांच्या शस्त्रक्रियांची ख्याति श्रोत्यांना सांगावयास नको. १९२८ सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. त्यांचें एक धोरण मात्र विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यांनीं तरुण ख्रिस्ती विद्यार्थ्यांना हाताशीं धरून वैद्यकी शिकविली, परिचारिकांची शाळा चालविली, आणि हीं शिकलेलीं माणसें दूरदूरच्या लहान दवाखान्यांत जाऊन बसलीं. सांगलीच्या मिशन शाळेंतहि सुतारकी व शेतकी शिकवीत. शरणपूरचाच तो धडा. वैद्य व सुतार यांचें एक बरें असतें. त्यांच्या हातांतली कला त्यांना कोठेंहि चार पैसे मिळवून देते. पाळकाच्या हातांत तसें कांहींच नसतें.

आणि म्हणूनच १९१७ सालीं साताऱ्यास जें घडलें, तें फार धाडसाचें होतें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना मराठी वाचक कवि म्हणून ओळखतो. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नगरास अमेरिकन मिशनच्या पाठशाळेंत त्यांनीं भावी पाळकांना शिकविलें, १९०४ सालीं त्यांना दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग ते पाहूं लागले. म्हणजे ज्या यंत्रांतून मास्तर व पाळक घडून बाहेर पडत, त्या यंत्राच्या अगदीं आंतले ते गृहस्थ. त्यांना त्याचे गुण ठाऊक होते, दोषहि ठाऊक होते. मिशनमधील पुष्कळ साहेबांवर त्यांचें मनापासून प्रेम होतें. तक्रार माणसांविषयीं नव्हती. तक्रार ही कीं, येथला उपदेशक बोलूं लागला म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनांत आधीं एक विचार येतो: ह्याला ह्याचा पगार मिळतो. वारकरी कीर्तनकार उभा राहिला तर असा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. गांव त्याला शिधा देतें, परंतु तो गांवाचा चाकर नसतो.

म्हणून वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, ज्या वयांत मनुष्य निवृत्तिवेतनाचा हिशेब करतो, टिळकांनीं मिशनच्या वेतनाचा संबंध तोडला व साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरु मानणाऱ्या कोणासहि त्या दरबारांत जागा होती. मिशनमधील कित्येकांना ही सरमिसळ धोक्याची वाटली. त्यांची शंका अगदींच पोकळ नव्हती. बाप्तिस्म्याशिवाय मंडळी म्हणजे कुंपणाशिवाय मळा, असें त्यांचें म्हणणें. टिळकांना कुंपणाआधीं पेरणी हवी होती. तरुण त्यांच्याकडे येत, राहत, भजन करीत, वाद घालीत. पाठशाळा म्हणावी तर तेथें परीक्षा नव्हती, आश्रम म्हणावा तर नियमांची पाटी नव्हती. गुरूच्या घरीं राहून शिकण्याची आपली जुनी रीतच ती.

ह्या दरबाराची चूल कोणी पेटवावयाची, हा प्रश्न मात्र गुरूनें फारसा मनावर घेतला नाहीं. तो लक्ष्मीबाईंनीं घेतला. टिळकांचा हात मोकळा. दारीं आलेल्याला रित्या हातीं पाठविणें त्यांना माहीत नव्हतें, आणि पाहुण्यांना जेवूं घालणें हें बाईंचें काम. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून हा सारा संसार त्यांच्या त्या हंसऱ्या, तिखट लेखणीनें उतरला आहे. वाचतांना हंसूं येतें, आणि हंसून झाल्यावर ध्यानांत येतें कीं, निर्वेतन सेवेचा मोठेपणा ज्याच्या नांवावर जमा होतो, त्याच्या घरांत तिचा खर्च दुसरेंच कोणीतरी भरीत असतें. राबाईच्या झोंपड्यांतहि असेंच झालें असेल. तिकडच्या स्त्रियांनीं स्मृतिचित्रें लिहिलीं नाहींत, एवढाच फरक.

दरबार दोन वर्षेंहि पुरता चालला नाहीं. टिळकांची प्रकृति खालावली आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. मागें कोणी वारस नेमलेला नव्हता, निधि नव्हता, घटना नव्हती. जमलेले तरुण पांगले. मिशनच्या पद्धतींत निदान दुसऱ्या महिन्याला दुसरा माणूस त्या जागीं आला असता. हा त्या पद्धतीचा गुण टिळकांच्या चाहत्यांनींहि मान्य करावयास हवा. एका माणसाच्या तेजावर उभें राहिलेलें काम त्या माणसाबरोबर मावळतें.

योगायोग असा कीं, त्याच १९१९ च्या ऑक्टोबरांत कऱ्हाडजवळ काले येथें भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली, आणि १९३५ सालीं तेथें खेड्यांसाठीं शिक्षक तयार करण्याचें ट्रेनिंग कॉलेज उघडलें. त्यांचा चर्चशीं कांहीं संबंध नाहीं. पण प्रश्न तोच होता, खेड्याचा शिक्षक खेड्यांतूनच कसा उभा करावा. त्यांनीं गांवाकडून धान्य घेतलें, मुलांकडून श्रम घेतले, आणि संस्था अशी बांधली कीं ती त्यांच्या मागें उरली. त्यांच्या घरींहि एक लक्ष्मीबाई होत्या, आणि वसतिगृहांतील मुलांच्या जेवणासाठीं त्यांनीं मंगळसूत्रसुद्धां काढून दिलें.

पुढें देश स्वतंत्र झाला, परदेशी मिशनरी हळूहळू निघून गेले, तिकडून येणारा पैसा आटला. जें व्हेन आणि अँडरसन यांनीं शंभर वर्षांपूर्वीं आपखुषीनें करावें म्हणून सांगितलें होतें, तें काळानें जबरदस्तीनें करविलें. १९७० च्या नोव्हेंबरांत नागपूर येथें उत्तर भारताची एकत्र मंडळी स्थापन झाली, तेव्हां नाशिककडील अँग्लिकन, साताऱ्याकडील अमेरिकन मिशनच्या व सांगलीकडील प्रेस्बिटेरियन परंपरेंतील पुष्कळशा मंडळ्या एका छताखालीं आल्या. तिकडे केनियांतहि कारभार आफ्रिकन बिशपांच्या हातीं गेला. फ्रियरटाउनच्या ज्या घंटेनें वसाहतीला धोक्याची सूचना मिळत असे, तिच्यावरून मोंबासाच्या त्या भागाला आजहि केंगेलेनी म्हणतात. ‘केंगेले’ म्हणजे स्वाहिली भाषेंत घंटा.

आपल्याकडील खेड्यांतल्या मंडळ्यांत सुगीनंतर कापणीचा सण होतो. वेदीपुढें जोंधळ्याचीं कणसें, शेंगांच्या पाट्या, भोपळे, अंडीं, गुळाची ढेप आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा मांडलेला असतो. उपासना आटोपल्यावर ह्या वस्तूंचा लिलाव पुकारतात. भोपळा जिनें आणलेला असतो तीच म्हातारी कित्येकदां चढी बोली करून तो परत घेते, आणि पैसे चुकते करून तोच भोपळा पुन्हां वेदीपुढें नेऊन ठेवते. दुसऱ्यांदा त्याचा लिलाव होतो. जमलेली रक्कम वहींत मांडली जाते, आणि पाळकाच्या पगारापैकीं मंडळीनें द्यावयाचा वांटा त्यांतूनच निघतो.